भाषासम की भाषाश्लेष? : एका लेखनातील अनेक शब्द

भगवद्गीतेतील 'रागद्वेष' या समासापाशी मराठी वाचक सहसा अडखळत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. 'राग' म्हणजे संताप, 'द्वेष' म्हणजे वैरभाव; एकमेकांच्या शेजारचे दोन विकार जोडून सांगितले आहेत, असा अर्थ मनात आपोआप तयार होतो आणि वाचन पुढे सरकते. वास्तविक संस्कृतातील हा समास परस्परविरोधी पदांचा आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, या धातूपासून आलेला 'राग' हा विषयाकडे ओढ घेणाऱ्या मनाचा रंग आहे. 'द्वेष' ही त्याच मनाची विषयापासून दूर सरण्याची वृत्ती. पतंजलीच्या योगसूत्रांतील दुसऱ्या पादात ही दोन पदे लागोपाठच्या सूत्रांत येतात, आणि तेथे रागाचा संबंध सुखाशी व द्वेषाचा दुःखाशी जोडलेला आहे. गीतेतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत तर राग, भय आणि क्रोध हे तीन विकार एकाच समासात वेगवेगळे मोजलेले आहेत. राग म्हणजे क्रोधच असता, तर ही मोजणी निरर्थक ठरली असती.

मराठीत मात्र रागाच्या विरुद्ध बाजूला द्वेष नाही. तेथे 'लोभ' आहे. 'रागलोभ' हा मराठी समास आणि पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' म्हणण्याची रूढी, ही दोन्ही त्याची साक्ष देतात. संस्कृतात लोभ म्हणजे हाव. तो षड्रिपूंपैकी एक. म्हणजे एका भाषेत आसक्तीच्या बाजूला उभा असलेला 'राग' दुसऱ्या भाषेत अप्रीतीच्या बाजूला गेला आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेचा काही भाग 'लोभ' या शब्दाने व्यापला. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर बदल केवळ एका चिन्हकाच्या चिन्हितात झालेला नाही; चिन्हांच्या परस्परसंबंधांतून ठरणारे त्याचे 'मूल्य'च बदलले आहे. अक्षरे मात्र जशीच्या तशी राहिली. त्यामुळे मराठी वाचकाला दोन निराळ्या व्यवस्थांतून आलेला शब्द एकच भासतो.

हा प्रश्न सामान्यतः शब्दकोशाचा किंवा फार तर भाषांतरकाराच्या सावधगिरीचा मानून बाजूला ठेवला जातो. समीक्षेने तो स्वतःचा मानावा, याला एक जुना आधार आहे. नवव्या शतकातील काश्मीरी आलंकारिक रुद्रट याने 'काव्यालंकारा'त श्लेषाचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत 'भाषाश्लेष' हा एक आहे. एकच वर्णानुपूर्वी एकदा संस्कृत म्हणून आणि एकदा एखाद्या प्राकृत भाषेतील म्हणून वाचली असता दोन भिन्न अर्थ निघावेत, अशी ही रचना. त्याआधीच भट्टीने आपल्या महाकाव्याच्या तेराव्या सर्गात याच्या उलट प्रयोग केला होता. सेतुबंधनाचे वर्णन करणारा तो सर्ग संस्कृत आणि प्राकृत या दोन्ही भाषांत एकाच रूपाने वाचता येतो आणि अर्थही एकच राहतो. या प्रयोगाला 'भाषासम' म्हणतात. एक लेखन, दोन भाषा आणि एक अर्थ म्हणजे भाषासम. एक लेखन, दोन भाषा आणि दोन अर्थ म्हणजे भाषाश्लेष. भट्टी आणि रुद्रट यांच्यापुढे ही कवीने बुद्ध्या साधलेली करामत होती. संस्कृत, हिंदी आणि मराठी एकाच देवनागरीत छापल्या जाऊ लागल्यावर मात्र अशी परिस्थिती कोणी न योजताच जागोजाग निर्माण झाली. या भाषांमध्ये वावरणारा आजचा समीक्षक जेथे भाषाश्लेष आहे तेथे भाषासम गृहीत धरतो. अर्थाचे बरेचसे घोटाळे या एका गृहीतातून निघतात.

सर्वपरिचित उदाहरण 'शिक्षा' या शब्दाचे. 'शिक्ष्' हा धातू 'शक्' या धातूच्या इच्छार्थक रूपातून आला आहे. शक्तिमान होऊ पाहणे, ही त्याच्या मुळाशी असलेली कल्पना. उच्चारशास्त्राचे जे वेदांग, त्याचे नाव 'शिक्षा'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. दोन्हींचे मूळ निःसंशय एक आहे, आणि 'धडा शिकवणे' हा मराठी वाक्प्रचार त्या दोन अर्थांतील वाट अजून उघडी ठेवतो. पण येथे एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. मराठीतला अर्थ हा मराठीचा एकटीचा विपर्यास नव्हे. कन्नड आणि तेलुगू या भाषांतही हा शब्द दंड या अर्थाने रूढ आहे. लिपीचे नाते मराठीला हिंदीकडे ओढते, तर अर्थाचे नाते या शब्दापुरते दक्षिणेकडे जाते. 'हिंदीतला अर्थ शुद्ध, मराठीतला बिघडलेला' असे जे अधूनमधून ऐकू येते, त्यात भाषेच्या इतिहासापेक्षा लिपीचा प्रभावच अधिक दिसतो.

'चेष्टा' या शब्दाचा घोटाळा काव्यशास्त्राच्या वर्गात अधिक मनोरंजक होतो. नायिकेच्या चेष्टा अनुभावांत मोडतात हे वाक्य मराठी विद्यार्थ्याने प्रथम वाचले, की नायिका कोणाची तरी टिंगल करीत आहे असे त्याला वाटल्यास दोष त्याचा नाही. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, अंगविक्षेप, प्रयत्न. हिंदीने आणि बंगालीने त्यातला प्रयत्न ठेवला, मराठीने थट्टा. 'यातायात' हा शब्द हिंदीत रस्त्यावरची रहदारी झाला, तर मराठीत नुसती दगदग. यावर फार थांबण्याचे कारण नाही.

वाङ्मयप्रकारांच्या नावांपाशी मात्र थांबावे लागते, कारण तेथे अर्थाबरोबर एक सिद्धांतही शब्दात शिरतो. 'उपन्यास' म्हणजे जवळ ठेवणे, पुढे मांडणे. नाट्यशास्त्रात प्रतिमुखसंधीच्या अंगांपैकी एकाचे हे नाव आहे. बंगालीत आणि हिंदीत तो इंग्रजी 'नॉव्हेल'चा पर्याय झाला. कन्नड आणि तेलुगूमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. हिंदीतला उपन्यासकार कादंबरी लिहितो, कन्नडमधला उपन्यासक महाविद्यालयात शिकवतो. मराठीने आणि कन्नडने नव्या प्रकाराला 'कादंबरी' म्हटले, म्हणजे बाणभट्टाच्या सातव्या शतकातील एका गद्यकाव्याचे, किंबहुना त्यातील नायिकेचे विशेषनाम सामान्यनाम केले. गुजरातीने 'नवलकथा' हा शब्द घेतला. त्यात इंग्रजी शब्दाचा ध्वनी आणि देशी 'नवल' एकत्र आलेले सहज दिसतात. संस्कृत 'नव' आणि ज्याच्या कुळातून 'नॉव्हेल' आला तो लॅटिन 'नोवुस' हे सगोत्र असल्याने तो भाषाश्लेष आणखी एका पातळीवर भाषासमही ठरतो.

नावाच्या व्युत्पत्तीवरून प्रकाराचे स्वरूप काढण्याची पद्धत येथे मोडून पडते. मराठी कादंबरीचा पिंड अद्भुतरम्य का, याचे उत्तर बाणाच्या नावात शोधणारा युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) हिंदू विधवांच्या स्थितीविषयी आहे, आणि तिच्यात बाणाच्या सृष्टीचा मागमूस नाही. उलट 'मांडणी' हा मूळ अर्थ उपन्यासाला वास्तवाकडे नेतो असे म्हणावे, तर तोच अर्थ तेलुगूत त्याला सभागृहाच्या व्यासपीठावर घेऊन गेला आहे. शब्दाचे मूळ त्याने केलेल्या प्रवासाची सुरुवात सांगते. मुक्काम सांगत नाही. एकाच प्रकाराला पाच भाषांनी तीन संस्कृतोद्भव नावे दिली आणि त्यांपैकी एका नावाने इतर भाषांत भलताच अर्थ धारण केला, हीच तौलनिक अभ्यासाची खरी सामग्री आहे. 'भारतीय उपन्यास' असा विषय हिंदीतून जसाच्या तसा उचलला जातो तेव्हा ती सामग्री अभ्यास सुरू होण्यापूर्वीच नाहीशी होते.

फ्रेंच भाषाभ्यासकांनी १९२८ साली इंग्रजी शब्दसंग्रहाच्या संदर्भात 'खोटे मित्र' ही संज्ञा प्रचारात आणली, आणि ती आता सर्वत्र वापरली जाते. इंग्रजीत भेट आणि जर्मनमध्ये विष असा अर्थ असलेला 'गिफ्ट' हा तिचा नेहमीचा दाखला. आपल्याकडील परिस्थितीला ही संज्ञा पुरी पडत नाही. शिक्षा, चेष्टा, राग हे मित्र नव्हेत, भाऊबंद आहेत. वाटणी होऊन वेगळे राहू लागले तरी आडनाव एकच. याउलट दुसरा एक मोठा वर्ग असा आहे, की त्यात नाते काहीच नाही, केवळ नामसाम्य आहे. या दोन वर्गांत समीक्षकाकडून होणाऱ्या चुकाही उलट दिशेच्या असतात. पहिल्यात मूळ एक म्हणून अर्थ एक मानला जातो, दुसऱ्यात लेखन एक म्हणून मूळच एक मानले जाते.

दुसऱ्या वर्गातले सर्वांत फसवे उदाहरण 'काम'. इच्छा या अर्थाचा 'काम' तत्सम आहे. कार्य या अर्थाचा 'काम' हा 'कर्म' शब्दातून 'कम्म' या प्राकृत रूपावाटे आलेला तद्भव. मराठीत दोन्ही एकाच लेखनात आले. 'निष्काम' आणि 'निकामी' हे शब्द शेजारी ठेवले तर अंतर ध्यानात येते: पहिल्यात इच्छा नाही, दुसऱ्यात उपयोग नाही. हिंदीतल्या 'निकम्मा' या शब्दात जोडाक्षर टिकून राहिल्याने 'कर्म' तेथे उघड दिसते. मराठीच्या लेखनाने ते पुसले आहे. 'निष्काम कर्म' या पदातील दुसरा शब्द पहिल्यातल्या 'काम'चाच थोरला आहे असे भासवून सुचलेली चमत्कृतिपूर्ण विवेचने या पुसट जागेतूनच उगवतात. त्या दोहोंत कुळाचा संबंध नाही.

तथापि भाषा स्वतः इतकी निष्काळजी नसते. लेखनात एक दिसणारे शब्द ती व्याकरणात वेगळे ठेवते. धडा या अर्थाचा तो 'पाठ', त्याला 'पाठाला' म्हणतात. 'पृष्ठ' शब्दातून आलेली ती 'पाठ', तिला 'पाठीला'. डोक्यावरचा 'केस' संस्कृत 'केश' शब्दाचा वंशज, म्हणून 'केसात'. न्यायालयातली 'केस' इंग्रजी, म्हणून 'केसमध्ये'. परका पाहुणा सामान्यरूपाच्या उंबऱ्याबाहेरच थांबतो. नवरामुलगा या अर्थाचा 'वर' विकारी आहे, 'उपरि'पासून आलेला 'वर' अव्यय. 'पण' तर तीन ठिकाणांहून आला आहे: पैजेचा पण संस्कृत, उभयान्वयी पण 'पुनः' या अव्ययातून, आणि 'मोठेपण' यातला प्रत्यय वैदिक 'त्वन' प्रत्ययातून. मराठी भाषकाचा यांपैकी कोठेही गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो शब्द वाक्यातून उचलून चिंतनाचा विषय केला जातो तेव्हा. आणि समीक्षकाचा व्यवसायच तो आहे.

'जरा' या शब्दात तर उच्चारही वेगळा आहे. वार्धक्य या अर्थाच्या संस्कृत 'जरा'मधला ज तालव्य. 'थोडे' या अर्थाच्या, मूळ अरबी 'ज़र्रा'पासून फारसीच्या वाटेने आलेल्या 'जरा'मधला ज दंततालव्य. देवनागरी हा भेद मराठीसाठी दाखवत नाही. देरिदाने 'दिफेरांस' या शब्दात एक अक्षर बदलून, कानाला जे ऐकू येत नाही ते लेखन दाखवू शकते, हे १९६८ साली मांडले. आपल्याकडच्या चर्चेत तो दाखला पुष्कळ फिरला, परंतु त्याची उलट बाजू हाताशी असूनही क्वचितच पाहिली गेली. 'जरा'मध्ये कानाला जे ऐकू येते ते लेखन लपवते. मूक वाचन करणाऱ्यासाठी येथे श्लेष आहे, मोठ्याने वाचणाऱ्यासाठी नाही. मुद्रित कवितेतील अनेकार्थतेची चर्चा करताना ती कविता डोळ्यांसाठी आहे की कानांसाठी, हे आधी ठरवावे लागते ते यामुळे.

'दीन' हा शब्द या दोन्ही वर्गांच्या सीमेवर ठेवण्यासारखा आहे. 'दीनदयाळ' यातला दीन संस्कृत, 'दीनदुनिया' यातला अरबी. मूळ वेगळे, अर्थ वेगळा. पण दोन्ही शब्द शतकानुशतके एकाच भाषकसमाजाच्या तोंडी आणि दोन्ही ईश्वराच्या संदर्भात येणारे. मोडी लिपी ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नसल्याने तेथे दिवस या अर्थाचा 'दिन'ही त्यांच्यात मिसळतो. येथे नुसती व्युत्पत्ती सांगून समीक्षकाची सुटका होत नाही. त्या वस्तीत हे शब्द एकमेकांना ऐकू येत होते, ही शक्यता त्याला मोकळी ठेवावी लागते.

लेखनसाम्य नेहमी इतिहासातून आपोआप येत नाही. कधी ते नियम करून आणले जाते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. निर्णय व्यवहार्य होता. जो ध्वनी प्रमाण उच्चारात उरला नाही त्याचे टिंब मुलांनी का पाठ करावे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. परंतु त्या टिंबाबरोबर काही शब्दांची ओळखही गेली. 'नामन्' शब्दातून आलेले 'नांव' आणि होडी या अर्थाची 'नाव' हे तोवर वेगळे लिहिले जात. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) नामवाचक शब्दावर अनुस्वार आहे. तो 'म'काराचा शेवटचा अवशेष. १९६२ नंतर दोन्ही शब्द 'नाव' झाले. ते नाव, ती नाव, नावाला, नावेला, व्याकरणाने भेद राखला, लेखनाने सोडला. कोकणीत मात्र 'नांव' आजही अनुनासिक उच्चारासह नांदते आहे.

समीक्षेच्या दृष्टीने येथे काय पणाला लागते, ते भक्तिकाव्याच्या वाचनात दिसते. ईश्वराचे नाम हे भवसागर तरून जाण्याचे साधन, ही कल्पना त्या काव्यात सर्वत्र पसरलेली आहे. अशा वेळी आधुनिक लेखनात छापलेल्या प्रतीत 'नाव' हा शब्द भेटला, की नाम आणि होडी यांचा श्लेष समोर येतो आणि तो सोडून देणे कोणाही रसिकाच्या जिवावर येईल. पण तो श्लेष कोणाचा? ज्या काळी एका शब्दात अनुनासिक ऐकू येत होते आणि दुसऱ्यात नव्हते, त्या काळच्या श्रोत्याला तो तितका सहज मिळणारा नव्हता. फार तर जवळच्या ध्वनींचा खेळ म्हणता येईल, आणि तोही विभक्ती जुळली तरच. हस्तलिखितांत अनुस्वारांची शिस्त एकसारखी नसल्याने केवळ प्रत पाहूनही निकाल लागत नाही. अन्यत्र त्याच कवीने शब्द कसा चालवला आहे, कोणत्या लिंगात, कोणत्या यमकात, हे पाहावे लागते. संपादकाने लेखन आधुनिक केले असेल तर त्याने एक संपूर्ण प्रश्न वाचकाच्या नकळत मिटवलेला असतो, आणि क्वचित एक उत्तर कवीच्या नकळत निर्माण केलेले असते. सामान्य वाचकासाठी काढलेल्या आवृत्तीत हे क्षम्य आहे. संशोधनासाठी तिचाच आधार घेऊन अनेकार्थतेची चर्चा करणे क्षम्य नाही.

याच्या विरुद्ध 'संसार' या शब्दाचे. संस्कृतात जन्ममरणाचा फेरा, हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. येथे मराठी अर्थ जुन्या अर्थाला बाजूला सारून आलेला नाही. तो त्याच्या आतच वाढला. संतकाव्यात संसार सोडायचा की करायचा, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे असतात, आणि ती अनेकार्थता वाचकाने लादलेली नसते. म्हणूनच मराठी संतकाव्याच्या हिंदी भाषांतरात हा शब्द तसाच ठेवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत तोट्याचे. अक्षर न अक्षर उतरते आणि स्वयंपाकघर तेवढे गळून पडते.

शब्दाच्या अनेकार्थतेचा विचार करताना भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त दोन पक्ष नोंदवले आहेत. एकत्ववाद्यांच्या मते शब्द एकच, त्याचे अर्थ अनेक. नानात्ववाद्यांच्या मते अर्थ वेगळा झाला की शब्दच वेगळा, साम्य केवळ रूपाचे. अर्थनिश्चय कशाने होतो, याची त्याने दिलेली आणि पुढे मम्मटाने स्वीकारलेली यादी प्रसिद्ध आहे: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, लिंग, औचित्य, देश, काल, व्यक्ती, स्वर आणि इतर काही. यातली 'व्यक्ती' म्हणजे व्याकरणातले लिंग. 'पाठ' आणि 'नाव' तिने सुटतात. त्या यादीत 'भाषा' हा निकष नाही. असण्याचे कारणही नव्हते, कारण विचार एका भाषेच्या आतला होता. शब्द कोणत्या भाषेतला आहे हा निकष तीत घालण्याची पाळी आली ती मराठी समीक्षेवर, जिची परिभाषा संस्कृतातून येते, शेजारची मोठी भाषा तिच्याच लिपीत लिहिली जाते, आणि जिच्या जुन्या संहिता तीन लेखनपद्धतींतून गेलेल्या आहेत.

हा निकष कोठे अपुरा पडेल, त्याचेही उदाहरण दूर नाही. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांची मातृभाषा मराठी आणि काव्यभाषा हिंदी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. एकाच घरातून दोन भाषांत एकाच लिपीत लेखन झाले. गजानन मुक्तिबोधांच्या समीक्षेतील 'ज्ञानात्मक संवेदन' आणि 'संवेदनात्मक ज्ञान' या जोडसंज्ञा हिंदीत सुप्रतिष्ठित आहेत. हिंदीच्या रोजच्या व्यवहारात 'संवेदना' प्रकट केली जाते ती कोणाच्या निधनानंतर. तेथे तिचा कल सहानुभूतीकडे आहे. मराठी समीक्षेत संवेदना इंद्रियांच्या बाजूला अधिक झुकते. मुक्तिबोधांच्या संज्ञेत यांपैकी कोणता शब्द आहे? त्यांनी हिंदी वाचकासाठी लिहिले, म्हणून हिंदी, हे उत्तर सरळ आहे. पण लिहिणाऱ्याच्या कानात दुसरा शब्द वाजत नव्हता, असे ते सिद्ध करीत नाही. 'संवेदन' आणि 'संवेदना' या दोन रूपांची त्यांच्या लेखनातील वाटणी, त्यांच्या आगेमागे येणारी विशेषणे, आणि त्याच काळात शरच्चंद्रांनी मराठीत हा शब्द कोठे कोठे योजला, हे शेजारी ठेवून पाहण्याचे काम दोन्ही भाषा येणाऱ्या अभ्यासकाच्या हातचे आहे.